मिनीडीएसपी २×४ एचडी : दहा बाय सोळाच्या हॉलमधला बेस

मुंबईतल्या फ्लॅटचा हॉल साधारण दहा बाय सोळा फुटांचा, छत साडेनऊ फूट. ध्वनीच्या वेगाला मापाच्या दुपटीने भागलं की कळतं, अशी खोली लांबीत ३६ हर्ट्झला घुमते, रुंदीत ५७ ला आणि उंचीत ६० ला. शेवटचे दोन आकडे जवळजवळ एकमेकांवर बसतात. म्हणून सबवूफर कितीही महाग आणा, ६० च्या आसपास गडगडाट होतोच आणि डग्ग्याची मींड त्यात बुडते. मिनीडीएसपी या हाँगकाँगच्या कंपनीची ही छोटी काळी डबी डीएसपी, म्हणजे आवाजाचे डिजिटल फेरफार करून, नेमकी याच दुखण्यावर चालते.

दोन इनपुट, चार आउटपुट, शिवाय ऑप्टिकल आणि यूएसबी. प्रत्येक चॅनलला दहा फिल्टर (ठरावीक हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करणारे), एकूण चार प्रीसेट, म्हणजे साठवलेल्या सेटिंग्ज. सोबत युमिक-१ हा मोजणीचा माइक घ्यायलाच हवा. आरईडब्ल्यू हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माइकशिवाय नुसती डबी घेणं म्हणजे आरशाशिवाय दाढी.

जोडणी सोपी : आउटपुट १-२ मुख्य अँपला, ३ सबला. सबवरचा क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर यांच्यात आवाजाची वाटणी करणारा) नॉब पूर्ण वर, फेज शून्यावर. राउटिंगमध्ये (कोणता इनपुट कुठल्या आउटपुटला, त्या पानावर) डावा-उजवा दोन्ही सबकडे पाठवताना प्रत्येकी उणे ६ डेसिबल ठेवा, नाहीतर बेरीज होऊन सिग्नल फाटतो. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, लिंकविट्झ-रायली प्रकारचा, २४ डेसिबलचा उतार. सब पोर्टवाला (खोक्याला हवेचं भोक असलेला) असेल तर पोर्टच्या ट्यूनिंगखाली हाय-पास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा; तिथे कोनला, म्हणजे सबच्या पडद्याला, हवेचा आधार उरत नाही आणि तो वेडावाकडा हलतो.

मोजताना पंखा, एसी बंद. माइक कानाच्या उंचीवर, तोंड छताकडे, आणि त्याच्या सीरियल नंबरची ९० अंशांची कॅलिब्रेशन फाइल लोड केलेली. १५ ते ३०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर), ७५ डेसिबलच्या आसपास. सोफ्यावरच्या तीन-चार जागा मोजून सरासरी काढा. एकाच जागेवर ट्यून केलं की शेजारी बसलेल्याचं वाटोळं होतं.

सर्वात जास्त घोळ पुढे होतो. आरईडब्ल्यूत इक्वलायझर निवडताना ‘एचडी’ सोडून साधा २×४ निवडला, तर गुणक (फिल्टर ठरवणारे आकडे) ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचे निघतात. ही डबी ९६ वर चालते, त्यामुळे ६० चा फिल्टर १२० वर जाऊन बसतो आणि माणूस डबीला शिव्या घालतो. दुसरं, बूस्टची (आवाज वाढवण्याची) मर्यादा शून्य ठेवा. उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा म्हणजे परतलेली लाट मूळ लाटेला खाते. १० डेसिबल वाढवायला अँपला दहापट ताकद लागते आणि खड्डा जिथल्या तिथेच. त्यावर इलाज एकच, सबची जागा बदलणं. दोन फूट सरकवल्यानेही चित्र पालटतं.

डिलेबाबत (आवाज मुद्दाम उशिरा सोडण्याबाबत) बहुतेक जण उलट करतात. लांब कोपऱ्यातला, स्वतःचा डीएसपी असलेला सब उशिरा पोचतो, म्हणून डिले मुख्य स्पीकर्सना द्यायचा. १ मिलिसेकंद म्हणजे जवळपास ३५ सेंटीमीटर. मग सबची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटी करून मोजा : ८० ला सर्वात खोल खड्डा पडेल तोच डिले बरोबर. पोलॅरिटी पुन्हा सुलटी करायला विसरू नका.

आता तक्रारी. एचडीएमआय नाही, डॉल्बी उलगडत नाही. टीव्हीचा ऑप्टिकल पीसीएमवर (साध्या डिजिटल आवाजावर) ठेवावा लागतो. डिस्प्ले नाही, कोणता प्रीसेट चालू आहे ते डबीकडे बघून कळत नाही. आवाजासाठी मात्र घरातला एखादा जुना रिमोट तिला शिकवता येतो. आउटपुट २ व्होल्टचा, काही मोठ्या प्रो अँपना तो कमी पडतो. ५० हर्ट्झची घूं ऐकू आली तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल उपटून बघा, बऱ्याचदा दुसरी अर्थिंग तिथूनच येते. सगळं एकाच बोर्डावर लावा; प्लगची अर्थची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

स्लायडिंग खिडकी थरथरते तिला फिल्टर नको, ट्रॅकमध्ये रबराची पट्टी सारा. रात्री दहानंतरसाठी वेगळा प्रीसेट करून ५० हर्ट्झखाली ८ डेसिबल उतरवा. स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जातो तो हाच पट्टा.