परसातल्या हौदासाठी पोटॅशियम परमँगनेट: जांभळी पूड कितपत कामाची?

माशांच्या अंगावर कापसासारखी बुरशी दिसली की दुकानदार बहुतेक वेळा मिथिलीन ब्ल्यूची निळी बाटली काढून देतो. वीस लिटरच्या टबात, विशेषतः अंड्यांवरची बुरशी रोखायला, ती उत्तम. हजार-दोन हजार लिटरच्या हौदात मात्र ती ओतून काही साधत नाही. औषध भरपूर लागतं, पाणी आणि प्लास्टिक निळं होतं, आणि फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना फटका बसून अमोनिया वाढतो. हौदासाठी त्याहून स्वस्त आणि जास्त रोगांवर चालणारी वस्तू म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकतात तीच जांभळी पूड. रसायनांच्या दुकानात सुटी मिळते. गुण पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापला, कारण या पुडीच्या हिशेबात चूक झाली तर ती माशांना भोवते.

ही पूड ज्याला लागेल त्या सेंद्रिय पदार्थाचं ऑक्सिडीकरण करते, म्हणजे थंडपणे जाळते. त्यामुळे जे अंगावर बाहेरून आहे त्यावरच तिचा उपयोग: बुरशी, शेपटी कुजवणारे आणि कल्ल्यांवरचे जिवाणू, ट्रायकोडिना आणि कॉस्टिया हे डोळ्यांना न दिसणारे परजीवी, कल्ल्यांना चिकटणाऱ्या चपट्या कृमी. पोट फुगून खवले अननसासारखे उभे राहिले असतील तर रोग आत आहे, तिथे हिचा काही उपयोग नाही. अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीवरही हिचा भरवसा धरू नये. तो परजीवी कातडीखाली सुरक्षित असतो, पाण्यात पोहत असताना तेवढाच मरतो. त्याला खडे मीठच बरं: हजार लिटरला तीन किलो, तीन हप्त्यांत दोन दिवसांत विरघळवून, आयोडीन नसलेलं. कमळं आधी दुसऱ्या टबात काढायची, त्यांना इतकं मीठ सोसत नाही. अंगात रुतलेला नांगरकृमी चिमट्यानेच काढावा लागतो.

पुडी फोडण्याआधी पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) तपासा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, कल्ले तपकिरी पडलेत आणि नायट्राइट दिसतंय, तर औषध नको. एक तृतीयांश पाणी बदला (नळाचं असेल तर क्लोरीन काढून) आणि थोडं मीठ घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. अशा हौदात परमँगनेट टाकणं म्हणजे आधीच गुदमरलेल्याचं नाक दाबणं.

आता मात्रा. हौदभर उपचाराला लिटरमागे दोन मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरला दोन ग्रॅम. सगळी गोची हौदाच्या अंदाजात होते. फुटांत लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची सरासरी खोली, त्याला २८.३ ने गुणलं की लिटर निघतात. आठ बाय पाचचा, दोन फूट पाण्याचा हौद २२६४ लिटरचा. आतले दगड-कुंड्या वजा करून २२०० धरा. म्हणजे ४.४ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी, दागिने तोलायचा छोटा काटा लागतो. तो नसेल तर दुकानातून नेमकी १० ग्रॅम मोजून घ्या आणि एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. त्या द्रावणाच्या १०० मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम औषध असतं, म्हणजे वरच्या हौदाला ४४० मिलिलिटर.

कोरडे दाणे थेट हौदात टाकू नका. ते तळाशी बसतात, मासा अन्न समजून तोंडात घेतो आणि आतून भाजतो. द्रावण बादलीभर पाण्यात मिसळून चारी कडांनी ओता. वेळ सकाळची, हवेचा पंप पूर्ण जोरात, फिल्टर हौदापासून तोडलेला. फिल्टरचा स्पंज हौदाच्याच पाण्याच्या बादलीत हवा चालू ठेवून ठेवा, नाहीतर त्यातले जिवाणू जातील. हे पाणी हौदात औषध घालण्याआधीच बादलीत काढून ठेवायचं. यूव्ही दिवा बंद.

यानंतर घड्याळापेक्षा पांढरा चिनी मातीचा कप जास्त कामाचा. दर तासाला त्यात पाणी भरून बघा. गुलाबी आहे तोवर औषध जिवंत, कोऱ्या चहासारखं तपकिरी झालं की संपलं. रंग चार तास टिकला पाहिजे. गाळाने भरलेल्या हौदात अर्ध्या तासातच पाणी तपकिरी होतं, कारण औषध माशांपर्यंत पोचण्याआधी गाळानेच खाल्लेलं असतं. त्या रागात लागोपाठ तीन-चार डोस ओतले जातात आणि घात होतो. आधी तळ साफ करा, दोन दिवस थांबा, मग परत दोन मिलिग्रॅमपासून सुरुवात.

एखादा मासा आडवा झाला किंवा कल्ले जोरात हलू लागले, तर मेडिकलमधलं सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड हजार लिटरला ५० मिलिलिटर ओता. गुलाबी रंग मिनिटांत उतरतो. ही बाटली आधीच हाताशी नसेल तर उपचार सुरू करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

पुढचा डोस चार-पाच दिवसांनीच. रोज दिलं तर कल्ल्यांची त्वचा सोलवटते आणि मासा औषधानेच मरतो. पाण्याचा पीएच जास्त असेल तर तपकिरी साका कल्ल्यांवर बसण्याचा धोका वाढतो, तिथे हौदाऐवजी वेगळ्या टबात लिटरमागे दहा मिलिग्रॅमची अर्ध्या तासाची आंघोळ जास्त सुरक्षित, तीही समोर बसून. फॉर्मॅलिन या माशांवरच्या दुसऱ्या औषधाबरोबर ही पूड कधीच नाही.

पुडी काचेच्या गडद बाटलीत, ग्लिसरीनपासून लांब ठेवा. दोन्ही एकत्र आले तर पेट घेतात. हातावरचे तपकिरी डाग लिंबाने जातात, फरशीचे तितके सहज नाही.