नौपाड्यात मिळणारं ‘कावळा’ विमानाचं किट: आधी रबर बदला

निनोमिया चुहाची यांनी २९ एप्रिल १८९१ ला जपानमधल्या मारुगामे इथे रबराच्या पिळावर चालणारं ‘कावळा’ नावाचं छोटं विमान उडवलं. पहिल्या दिवशी ते सुमारे १० मीटर गेलं, दुसऱ्या दिवशी ३६. ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या हॉबी दुकानात त्याच विमानाचं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) किट ६५० रुपयांना मिळतं. पंखांचा पसारा मुळाइतकाच, ४५ सेंमी. मागे चार पात्यांचा पंखा, खाली तीन चाकं.

बाल्साचे तुकडे स्वच्छ कापलेले आहेत, पंखांची कमानही बरोबर उतरली आहे. ही कमान महत्त्वाची. १८८९ मध्ये पंख न हलवता तरंगणारे कावळे पाहून चुहाचींना ती सुचली होती. चार पाती का, तेही जोडताना कळतं: पंख्याचा व्यास लहान राहतो, त्यामुळे जमिनीवरून धावताना पाती घासत नाहीत.

खरी गडबड रबरात आहे. पाकिटातलं रबर जुनं असतं. बोटांत ताणलं की बारीक भेगा दिसतात. साधारण शंभर पिळांत तुटतं आणि तुटताना पंखाचा कागद फाडून जातं. ३ मिमी रुंदीचं ताजं रबर घ्या, ३० सेंमीची दुहेरी वेटोळी करा, थोडं एरंडेल चोळा. शिवणयंत्राचं तेल अजिबात नको, रबर सडतं. पंख्याकडचा आकडा सोडवून रबर तिप्पट ताणा, तसंच ताणून निम्मे पीळ द्या, मग पुढे सरकत उरलेले. सुरुवातीला १००, विमान सरळ जाऊ लागलं की २५०. चुहाची सैन्यात वैद्यकीय मदतनीस होते. त्यांनी स्टेथोस्कोपची नळी चिरून रबर काढलं होतं, ताज्या रबराची किंमत त्यांना नक्की कळली असती.

दुसरी चूक सूचनापत्रात आहे. तोल पंखाच्या रुंदीच्या मध्यावर धरायला सांगितलंय. तसं केलं तर विमान नाक वर करून थबकतं आणि शेपटीवर आपटतं, कारण पंखा मागे असल्याने शेपूट मुळातच जड आहे. तोल पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर आणा. त्यासाठी नाकात ४-५ ग्रॅम माती लागते, किटमध्ये २ ग्रॅमच आहे. आधी पीळ न देता गवतावर हाताने सोडून पाहा. सरळ उतरलं तरच रबर बसवा.

ठाण्यातल्या पावसाळ्यात टिश्यू कागद सैल पडतो आणि पंख वाकतो. किटलीच्या वाफेवर धरून उलट दिशेला हलकं पिळा आणि गार होईपर्यंत तसंच धरा. उडवायला सकाळी आठच्या आत जा. दुपारचा खाडीकडचा वारा याला झेपत नाही. चाकं २० मिमीची आहेत, त्यामुळे जमिनीवरून उडवायचं तर सिमेंटची सपाट जागा हवी, गवतात चाक अडकतं.

माहितीपत्रकात चुहाचींचं चरित्र नेटकं आहे: १८९३ चं माणूस नेणाऱ्या विमानाचं ‘तामामुशी’ रेखाटन, सैन्याने नाकारलेला प्रस्ताव, राइट बंधूंचं उड्डाण कळल्यावर थांबलेलं काम, १९१५ मध्ये जपानमधल्या यावाता इथे उभारलेलं विमानांचं देवस्थान. पण ‘जगातलं पहिलं रबर-विमान’ हे चूक. पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्येच असं विमान उडवलं होतं, तेही मागच्याच पंख्यावर. चुहाचींनी ते न पाहता स्वतःच्या बळावर केलं, एवढंच लिहिलं असतं तरी पुरेसं मोठं होतं.

त्याच दुकानात सुटं रबर मीटरवर मिळतं. किटबरोबर दोन मीटर घ्या, आणि घेण्याआधी ताणून बघा.