ओव्हरड्राफ्टवालं गृहकर्ज: नऊ वर्षं वापरल्यावर (पाचपैकी साडेतीन)

आमचं घर इंदूरच्या सुदामानगरात. 2016 साली 30 लाखांचं कर्ज काढलं, वीस वर्षांचं, हप्ता 28,000 च्या आसपास. तेव्हा बँकेत (सरकारी आहे, नाव राहू द्या) साधं कर्ज आणि ओव्हरड्राफ्टवालं कर्ज असे दोन पर्याय होते. स्टेट बँकेच्या मॅक्सगेनमुळे हा प्रकार बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. कर्जाला एक खातं जोडलेलं असतं. त्यात आपले पैसे टाकून ठेवायचे, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की चेक फाडून काढायचे. यासाठी मला दर पाव टक्का जास्त पडला.

आजचा हिशेब सांगतो. कर्ज बाकी 21 लाख, खात्यात ठेवलेले 15 लाख, दर 8 टक्के. व्याज फक्त 6 लाखांवर, म्हणजे महिन्याला 4,000. पैसे ठेवले नसते तर 14,000 गेले असते. हेच 15 लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकले असते तर वर्षाला 97,500 मिळाले असते. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर गेल्यावर हातात 77,000. इथे 1,20,000 वाचतात आणि वाचलेल्या व्याजावर कर नाही. मी नव्या कर पद्धतीत आहे, तिथे स्वतः राहत्या घराच्या व्याजाची सूट नाहीच. जुन्या पद्धतीत 2 लाखांपर्यंतची सूट घेत असाल तर गणित स्वतः मांडून बघा, माझं उचलू नका.

खात्यात ठेवायला पैसेच नसतील तर मात्र हे कर्ज घेऊ नका. उगाच पाव टक्का भरत बसाल.

खरी परीक्षा 2020 मध्ये झाली. पीथमपूरचा आमचा प्लांट बंद, तीन महिने अर्धा पगार. मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्ते थांबवायची सवलत होती आणि आमच्या शिफ्टमधल्या बहुतेकांनी ती घेतली. व्याज चढतच होतं, ते नंतर कळलं. माझे हप्ते ठेवलेल्या पैशांतून आपोआप जात राहिले. हेच पैसे मी आधीच मुद्दलात भरून टाकले असते, तर त्या तीन महिन्यांत बँकेने त्यातला एक रुपयाही परत दिला नसता. कर्ज कमी झालं असतं हे खरं, पण हप्ता तर भरावाच लागला असता.

आता तक्रारी. शाखेत हे खातं कुणालाच धड समजत नाही. स्टेटमेंटमध्ये उणे 6 लाख, ॲपमध्ये उपलब्ध 15 लाख, आणि काउंटरवरचा मुलगा दोन्हीकडे बघून म्हणतो, "अंकल, इतना पैसा पड़ा है, पॉलिसी में डाल दो ना." अरे बाबा, पडलेला नाहीये तो, कामाला लावलाय! हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी फॉर्म अर्धा भरून माझ्यापुढे सरकवला होता, फक्त सही बाकी.

दुसरी तक्रार जास्त महागात पडली. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला, पण माझं कर्ज जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर होतं, त्यामुळे दर हलेना. अर्ज करून, फी भरून रेपोशी जोडून घ्यावं लागलं. बँकेने स्वतःहून एक एसएमएससुद्धा पाठवला नाही. तुमचं कर्ज 2019 च्या आधीचं असेल तर आजच बघा कशाला जोडलेलं आहे ते.

यंदा एप्रिलमध्ये माझ्या पीपीएफची (सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं) पंधरा वर्षं भरली, तिथे 6 लाख आहेत. म्हणजे मनात आणलं तर आज कर्ज संपतं. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंडही नाही. आई (वय 81) रोज विचारते, "अरे, डोक्यावर ऋण ठेवून झोप कशी लागते रे तुला?" बायकोचं म्हणणं वेगळं आणि वजनदार: "अहो, व्याजाचं मला सांगू नका. कागद बँकेत आहेत की नाही?" आहेत. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग मागा की."

मी मागत नाहीये. पीपीएफवर 7.1 टक्के करमुक्त मिळतात, कर्ज 8 टक्क्यांचं. 6 लाख इकडून तिकडे नेले तर वर्षाला 5,400 रुपये सुटतात. तेवढ्यासाठी पीपीएफ रिकामं केलं, तर पुन्हा भरायला वर्षाला दीड लाखाचीच मुभा. आणि खातं बंद केलं की ही 15 लाखांची उचलही गेली. मे 2027 मध्ये मी निवृत्त होईन. ग्रॅच्युइटी हातात येईपर्यंत पगार नसलेल्या माणसाला इतक्या स्वस्तात कोण पैसे देतंय? हप्त्यातले 24,000 आता मुद्दलातच जातात, त्यामुळे तोपर्यंत एकूण व्याज 45,000 च्या आसपास बसेल. ते मी देईन. ग्रॅच्युइटी आली की उरलेलं फेडायचं.

एक सांभाळा: ठेवलेली रक्कम कर्जाच्या बाकीपेक्षा वाढू देऊ नका, वरच्या पैशांवर काहीच मिळत नाही. आणि चेकबुक घरातल्या उत्साही माणसापासून लांब ठेवा. आमच्याकडे तो उत्साही माणूस मीच आहे. 2022 मध्ये गाडीसाठी दोन लाख काढले होते, भरून काढायला अकरा महिने लागले. तेव्हापासून चेकबुक बायकोच्या कपाटात.

स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या दारावर आतून ती गॅस सिलेंडरच्या तारखा पेन्सिलीने लिहिते. परवा त्याखाली एक ओळ दिसली, पेनाने लिहिलेली: "मे 2027, कागद."