सिम्पाय वापरून बघितलं: सिम्प्लिफायवर डोळे झाकून विसंबू नका

बीजगणिताची लांबलचक पदावली सोपी करायला मी सध्या सिम्पाय वापरतोय, पायथन या प्रोग्रामिंग भाषेची लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे, फुकट आणि ओपन सोर्स, इन्स्टॉल करायलाही काही डोकेफोड नाही. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग दिलं की सरळ १ देतं, अपूर्णांकातलं काटाकाटीचं काम तर एकदम झकास.

पण हे सोपं करून देणाऱ्या 'सिम्प्लिफाय' कमांडच्या नावावर जाऊ नका. क्ष² + २क्ष + १ दिलं तर ते जसंच्या तसं परत येतं, आपण (क्ष + १)² ची वाट बघत बसतो! कारण 'सोपं' म्हणजे नक्की काय हे त्याला तरी कसं कळणार, ते आतून बरेच उपाय करून बघतं आणि त्यातल्या त्यात आटोपशीर उत्तर उचलतं. अवयव हवेत तर फॅक्टर, कंस सोडवायचे तर एक्सपांड, छेद काटायचा तर कॅन्सल, हे आपणच सांगायचं, आणि ते वेगानेही होतं.

क्ष² चं वर्गमूळ दिलं तर क्ष येत नाही, सुरुवातीला मला वाटलं बिघडलंय की काय, पण बरोबर तेच आहे, क्ष ऋण असला तर? क्ष धन आहे असं आधी सांगितलं की गपचूप क्ष देतं.

एक मात्र खटकतं, (क्ष² − ९)/(क्ष − ३) चं क्ष + ३ करून मोकळं होतं, क्ष = ३ चालणार नाही हे बोलतच नाही. ते आपलं आपण वहीत लिहून ठेवायचं.

पाचपैकी चार स्टार.