महाराणी रोडवरची झालर (लाइटची माळ), एक दिवाळी वापरून

तुळशीचं लग्न झालं, माळा उतरवून झाल्या, आता निवांत लिहितेय. मागच्या वर्षी ऑनलाइन मागवलेल्या दीडशे रुपयेवाल्या एलईडी माळा ऐन लक्ष्मीपूजनाला अर्ध्या गेल्या, म्हणजे मधले वीस-बावीस दाणे काळे आणि दोन्ही बाजूचं चालू, बोळक्यासारखं दिसत होतं गॅलरीत. म्हणून यंदा ठरवलंच होतं की पेटवून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि नवरात्रातच आमच्या इंदूरचा इलेक्ट्रिक सामानाचा बाजार, महाराणी रोड, गाठला.

दुकान म्हणजे एक शटर आणि आत छतापर्यंत डबे, पण माणूस शांत. मी आपली विचारतेय ही किती वॉट, ती किती वॉट, तर म्हणाला, ‘भाभीजी, वॉट छोड़ो, तार देखो.’ त्याच्याकडे प्लगमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर होतं. आमच्या बाबांचा (सासरे) लाडका रंगीत झिरो बल्ब त्यानं त्यावर लावला तर आकडा आला १४! इतकी वर्षं मी समजत होते झिरो म्हणजे काहीच खात नाही. मग एलईडीची बारा मीटरची झालर लावली, ६ वॉट. स्वस्तवाली लावली, तीही जवळपास तेवढीच. म्हणजे बिल कुठल्याही एलईडीनं वाचतं हो, जास्तीचे पैसे तुम्ही तारेचे देता.

आणि तार खरंच वेगळी होती. स्वस्तवालीचं आवरण मी नखानं ओरबाडलं तर निघून आलं, आतली तांब्याची तार केसाएवढी. शिवाय तिच्यासमोर हात भराभर हलवला की बोटं तुटक-तुटक दिसत होती, म्हणजे ती लुकलुकते, आपल्याला फक्त डोकं दुखल्यावर कळतं. चांगलीत बोटं सलग दिसली. डब्यावर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक होता, आयपी ६५, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा पण होता, पण तो फक्त माळेचा, कंट्रोलरची डबी आणि प्लग पावसात नाही ठेवायचा हे त्यानं स्वतःहून सांगितलं. १८० रुपयांची सोडून ४२० वाल्या तीन घेतल्या.

घरी बाबा नाराजच. त्यांच्याकडे तीस झिरो बल्बांचं तोरण आहे, रंगवलेलं, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. मग मी हिशोब मांडला, तीस गुणिले १४ म्हणजे ४२० वॉट, रोज सहा तास, धनतेरस ते तुळशीचं लग्न पंधरा दिवस, म्हणजे ३८ च्या आसपास युनिट. आमचं या दिवसांतलं महिन्याचं बिल १२० युनिटांचं. आता १५० च्या आत राहिलं तरच पहिले १०० युनिट शंभर रुपयांत मिळतात ना आपल्याकडे मध्य प्रदेशात, ते तोरण लावलं की आपण १५८ वर आणि सबसिडी गुल! तीन झालरी तेवढ्याच वेळ लावल्या तर दोन युनिटसुद्धा नाही. बाबा गप्प झाले पण पटलं नव्हतं, त्यांना भीती होती की ते निळसर पांढरं दिसणार, ‘मेडिकलच्या दुकानासारखं’. मी वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाच्या घेतल्या होत्या, ३००० केल्विन. पेटवल्यावर जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, पणतीच्या जवळपास जातंय. आमच्याकडे याला पास म्हणतात.

आता तक्रारी. कंट्रोलरला आठ मोड आहेत आणि त्याला आठवण काही नाही, लाइट जाऊन आली की परत सगळं झपझप-झपझप सुरू, स्थिर करायला बटण सात वेळा दाबा, तेही स्टुलावर चढून. एकदा तर शेजारच्या काकू विचारायला आल्या की काही बिघडलंय का. दुसरं म्हणजे गॅरंटी नाही, ‘झालर पे गॅरंटी नहीं होती भाभीजी’, दुकानात चेक करून घ्या तेवढंच. एका माळेचा हूक तिसऱ्याच दिवशी तुटला, दोऱ्यानं बांधली. पण दाणा एकही गेला नाही, तीनही माळा पंधरा दिवस पूर्ण चालल्या.

दोन अजून घ्यायच्या आहेत गच्चीसाठी, पण पुढच्या नवरात्रात. मैत्रिणीला धनतेरसच्या आदल्या दिवशी पाठवलं तर तीच झालर तिला ४८० ला पडली आणि गाडी लावायलाच अर्धा तास गेला.