भुसावळची भरीत-पुरी आणि गल्ल्यावरचा माणूस

भुसावळला रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या रस्त्यावर ही खाणावळ आहे. पाटी नाही, मोबाइलच्या नकाशावर नाव सापडणार नाही. मावशींची खाणावळ म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात सोडतो. पुढे पत्र्याचं शेड, आत लाकडी बाकं आणि मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग. त्या ढिगावरूनच ओळखायचं की इथलं वांगं गॅसवर भाजत नाहीत.

वांगी आपली जळगावची, फिकट हिरवी, हातभर. पऱ्हाट्यांच्या जाळावर सालं काळी ठिक्कर होईपर्यंत भाजतात, सोलतात आणि लाकडी बडगीत मुसळीने ठेचतात. भाजलेली मिरची आणि लसूण सोबतच ठेचले जातात, त्यामुळे तिखट घासाघासात सारखं लागतं. मग शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. मिक्सरचं भरीत खाणाऱ्यांना हे जरा रेषाळ वाटेल. वाटू दे. पुरीपेक्षा मी कळण्याची भाकरी सांगतो. ज्वारी-उडदाची ती भाकरी इथे जाडसर आणि मऊ असते, मीठही बरोबर पडलेलं. हिवाळ्यात या. उन्हाळ्यात ही वांगी मिळत नाहीत आणि मावशी दुसऱ्या वांग्यांचं भरीत करत नाहीत.

पण गावात या खाणावळीचं नाव निघतं ते भरितासाठी नाही, गल्ल्यावरच्या माणसासाठी.

हा भाऊ पूर्वी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होता. बांधकाम निधीतले पैसे त्याने घरखर्चाला वापरले. उघडकीला आलं, कमिटी बसली, पद गेलं, प्रभुभोजन (उपासनेत वाटला जाणारा भाकर-द्राक्षारस) बंद झालं. त्याने उपासनेत उभं राहून कबुली दिली, मोटारसायकल विकली आणि उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने भरली. (हे लिहू का, असं त्याला विचारलं होतं. "लिहा ना काका, ठाऊक कोणाला नाही? नाव तेवढं नका टाकू.") शिस्त म्हणून जे करायचं ते झालं, प्रभुभोजनही परत सुरू झालं. तरी रविवारी तो ज्या बाकावर बसतो तिथे दुसरं कोणी बसत नाही. दानाची थैली त्याच्या हातात गेली की दोन-चार माना वळतात.

मावशी त्याच मंडळीतल्या. त्यांनी त्याला कामावर ठेवलं, तेही भांड्यांवर नाही, थेट गल्ल्यावर. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला अडवून विचारलं, "मांजराला दुधाची राखण दिलीय बाईंनी. आणि तुम्ही तिथं जेवता?"

जेवतो. बायबलमधल्या जक्कयाच्या घरी, लोकांच्या लेखी पापी असलेल्या जकातदाराच्या घरी, येशू उतरला तेव्हाही लोक बाहेर हेच कुरकुरत होते. लुबाडलेलं चौपट परत देण्याची भाषा जक्कयाने केली ती येशू घरी आल्यावर, आधी नव्हे. इथे तर गडी पैसे भरून मोकळा झालेला.

"दया न्यायावर विजय मिळवते" हे बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातलं वचन आपल्या घरोघरी कॅलेंडरवर असतं, पण तो अध्याय सुरू कुठून होतो ते कोणी पाहत नाही. सुरू होतो बसायच्या जागेवरून. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला "या, इथं बसा" आणि मळक्या कपड्यातल्याला "तू तिथं उभा राहा". वडीलधारे म्हणाले, तो उतारा गरिबाबद्दल आहे, चोराबद्दल नाही. मुद्दा चुकीचा नाही. मात्र त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की एक आज्ञा मोडणारा सगळ्या नियमशास्त्राचा अपराधी, आणि तिथे व्यभिचार आणि खून ही उदाहरणं दिली आहेत. त्यानंतर दोनच वचनांनी ती दया येते.

तरी मांजर-दुधाचा प्रश्न मावशींनी झटकून टाकलेला नाही. रात्री शटर अर्धं ओढलं की वही निघते. ताटं किती, पार्सलं किती, रोख किती, फोनवर किती. तो वाचत जातो, मावशी चिल्लर बोटाने सरकवत मोजतात, आणि पानाखाली दोघांची सही. मी म्हटलं, एवढा भरवसा आहे तर रोजची सही कशाला? मावशींनी वही मिटली. "त्याच्यासाठीच. उद्या वीस रुपये कमी भरले तर गाव पहिलं नाव कोणाचं घेईल?"

आमच्या कमिटीला हे सुचलं नव्हतं. आम्ही वही ठेवायची ती पकडायला.

१८८३ साली इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंना वाँटेजच्या सिस्टर्सनी (ख्रिस्ती जोगिणींनी) फुलहॅममधलं त्यांचं घर दाखवलं होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे कोणी हिडीसफिडीस करत नव्हतं, याचं रमाबाईंना नवल वाटलं. कारण विचारलं तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली, लोकांच्या नजरेतून उतरलेल्या जिच्याशी येशू स्वतःहून बोलला. पुढे केडगावला मुक्ती या आपल्या आश्रमात त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. मावशींनी हे वाचलंय की नाही, कोणास ठाऊक. त्यांना विचारलं तर म्हणतील, मला गल्ल्यावर माणूस पाहिजे होता.

बाकीचं थोडक्यात. शेवभाजीवर तेलाचा बोटभर थर असतो. मसाला चांगला काळा, पण तेल वरून काढून ठेवावं लागतं. हात धुवायची जागा अडचणीची आहे. गाडी लावायला जागा नाही. सुट्टे पैसे मात्र रुपयापर्यंत चोख परत मिळतात, चॉकलेट हातावर टेकवत नाहीत. पाचात चार तारे. एक कापला तो तेलापायी.

दुपारी साडेबाराच्या आत पोचा, नंतर कळण्याची भाकरी संपते. रविवारी उपासना आटोपल्यावरच चूल पेटते. पार्सल हवं असेल तर डबा घरून न्या, नाहीतर गरम भरीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात.