पाटीवर जाऊ नका: ज्येष्ठांच्या निवासी सेवांची पारख

‘सीनियर होम’, ‘केअर सेंटर’, ‘असिस्टेड लिव्हिंग’, ‘वृद्धाश्रम’. पाटी कोणतीही असो, आत काय मिळतं ते तिच्यावरून कळत नाही. रात्री 2 वाजता बेल वाजवली तर कोण येतं आणि आलेल्या माणसाला काय काय येतं, एवढं विचारलं की बरंच उलगडतं.

निवडीची सुरुवात वयापासून नको. आंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाणं-येणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि घास तोंडापर्यंत नेणं, ही 6 कामं धरा. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी 1963 मध्ये मांडलेली ही फूटपट्टी आजही वापरात आहे. आठवडाभर प्रत्येक कामापुढे लिहा: एकट्याने, कुणी शेजारी उभं असताना, की दुसऱ्याच्या हातून. घरचे लोक इथेच चुकतात. रोज दंडाला धरून नेतात आणि कागदावर मात्र ‘स्वतः जातात’ असं लिहितात.

सगळं एकट्याने जमत असेल तर स्वतंत्र निवास उत्तम. स्वयंपाक-साफसफाईची दगदग जाते, सोबत मिळते. मात्र ही शुश्रूषा नव्हे. ‘डॉक्टर ऑन कॉल’ म्हणजे फक्त एक फोन नंबर.

एक-दोन कामांत हात लागत असेल तर असिस्टेड लिव्हिंग. सर्वाधिक गैरसमज याच प्रकारात होतात. बऱ्याच ठिकाणी नर्स दिवसाच असते, रात्री फक्त मदतनीस. मग रात्रीचं इन्सुलिन कोण देणार? लघवीची नळी तुंबली तर? उचलायला दोन माणसं लागली तर? ‘गोळ्या आम्ही देतो’ या वाक्याचेही तीन अर्थ निघतात: आठवण करणं, हातात ठेवणं, किंवा गिळेपर्यंत थांबून तक्त्यावर सही करणं. कोरा तक्ता मागून पाहा. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाला लेव्होडोपा ही त्या आजारावरची गोळी उशिरा मिळाली तर शरीर आखडतं, पाऊल उचलत नाही. सगळ्यांच्या गोळ्या एकाच फेरीत वाटणारी जागा अशा माणसाच्या उपयोगाची नाही.

खोली बघण्याआधी न्हाणीघर बघा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, कारण आत पडलेला माणूस आत उघडणारं दार स्वतःच्या अंगानेच अडवतो. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. भिंतीत घट्ट बसवलेली दांडी आपण स्वतः जोर लावून ओढून पाहावी.

नर्सिंग होम म्हटलं की मराठी माणसाला छोटं इस्पितळ आठवतं. इथे अर्थ वेगळा: चोवीस तास नर्सची देखरेख असलेला कायमचा मुक्काम. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हाच प्रकार. माकडहाड आणि टाचांवर दाब राहिला की रक्तपुरवठा तुटतो आणि जखमा होतात, म्हणून कूस ठरावीक वेळाने, बहुधा 2 ते 4 तासांनी, बदलावी लागते. त्याची नोंदवही बघा. रात्रभराच्या नोंदी एकाच शाईत, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर त्या सकाळी भरल्या आहेत असं समजायला हरकत नाही. सकाळी एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं स्वाभाविक आहे. दिवसभर व्हरांड्यात येत असेल तर माणसं कमी पडताहेत.

स्मृतिभ्रंशासाठीचा वेगळा विभाग म्हणजे नुसतं कुलूप नव्हे. फिरून पुन्हा तिथेच येणारी वाट हवी, पलंगावरून दिसणारं शौचालय हवं, रोज तेच चेहरे हवेत. ‘संध्याकाळी घरी जायचं म्हणून कुणी हट्ट धरला तर काय करता?’ असं विचारा. उत्तराची सुरुवातच गोळीने झाली तर ती जागा सोडा. गुंगीच्या औषधांनी पडण्याचा धोका वाढतो.

करारात तीन कलमं शोधा: मदत वाढली की दर किती वाढतो, इस्पितळात असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का, आणि ‘आता आम्हाला झेपत नाही’ हे कोण, किती दिवसांची मुदत देऊन सांगणार. सही करण्याआधी 2 आठवड्यांचा तात्पुरता मुक्काम मिळत असेल तर तो घ्याच. त्या दिवसांत जेवणाच्या वेळी न सांगता जा. ताटं उचलताना उरलेल्या अन्नाकडे कुणी बघतं का, की थेट बादलीत जातं? महिन्याचं वजन लिहिलेला कागदही मागा.